चेकरबोर्ड लाउंज आणि शिकागोचे गल्लीतले ब्लूज बार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकागोत राहायचं म्हणजे पाहुणे येणारच आणि पाहुण्यांचा कार्यक्रमही ठरलेला असतो, आधी ती चकचकीत बीन (मिलेनियम पार्कातलं स्टीलचं शिल्प), मग नदीतली बोट, मग डीप डिश पिझ्झा (जो अर्धा उरतो), आणि जेवता जेवता कोणीतरी विचारतंच की इथलं ते ब्लूज फेमस आहे ना, ते कुठे ऐकायचं? एकदा हा विषय निघाला की पुढचे प्रश्न थांबत नाहीत, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतेय. बराचसा भाग एका बारबद्दल आहे, चेकरबोर्ड लाउंज. तो आता नाहीये, पण त्याची गोष्ट माहीत नसेल तर बाकीच्या बारमध्ये जाऊन नुसता आवाज ऐकून याल.

चेकरबोर्ड लाउंज म्हणजे नक्की काय होतं?

शिकागोच्या साउथ साइडला ब्रॉन्झव्हिल नावाचा भाग आहे, कृष्णवर्णीय लोकांची जुनी वस्ती. तिथे ४२३ ईस्ट ४३वा स्ट्रीट या पत्त्यावर गिटारिस्ट बडी गाय आणि एल. सी. थर्मन यांनी १९७२ साली हा बार काढला. लाउंज वगैरे नाव ऐकून सोफे आणि मंद दिवे डोळ्यासमोर आणू नका. साधा गल्लीतला बार, लांब टेबलं, बिअर, छोटंसं स्टेज, आणि स्टेज आणि पहिल्या टेबलात अंतर असं नाहीच, गिटारवाला जरा जोरात वळला तर तुमचा ग्लास गेलाच. यायची ती आसपासची माणसं, शिफ्ट संपवून आलेली, एकमेकांना नावानं ओळखणारी, आणि त्यांच्यात थोडे युनिव्हर्सिटीतले पोरं, थोडे युरोपातून आणि जपानमधून आलेले ब्लूजवेडे.

आता बंद आहे तर वाचायचं कशाला?

कारण आज डाउनटाउनच्या ज्या क्लबमध्ये तुम्ही तिकीट काढून जाणार, तिथलं सगळं, म्हणजे गाण्याची पद्धत, मधेच दुसऱ्या कलाकाराला स्टेजवर बोलवणं, पब्लिकनं मधेच ओरडून उत्तर देणं, हे अशाच गल्लीतल्या बारमध्ये तयार झालंय. आणि दुसरं म्हणजे एवढा जगप्रसिद्ध बार बंद का पडला ही गोष्ट गाण्यांइतकीच ऐकण्यासारखी आहे. ती खाली येईल.

ब्लूज म्हणजे रडकी गाणी ना?

अर्धं खरं. विषय रडके असतात, बायको सोडून गेली, पैसे नाहीत, मालकानं कामावरून काढलं, पण गाणारा रडत नसतो, तो सगळ्यांसमोर त्याची मजा घेत असतो आणि पब्लिक हसत असतं, नाचतही असतं. शब्दांची ठेवण साधी, पहिली ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत टोला हाणायचा. पहिली ओळ दोनदा ऐकताना पब्लिकला अंदाज बांधायला वेळ मिळतो आणि तिसरीला तो अंदाज चुकतो, तिथे हशा येतो.

सुरांचं म्हणाल तर मुळात तीनच कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले काही सूर), बारा बारचं एक आवर्तन (हा बार दारूचा नाही, ठोक्यांचा गट), प्रत्येक बारात चार ठोके, म्हणजे ४८ ठोके झाले की परत सुरुवातीला. हेच रात्रभर फिरत राहतं. ज्यांना आपलं शास्त्रीय थोडं कळतं त्यांच्यासाठी, गंमत गांधारात आहे, गाणारा कोमल आणि शुद्ध याच्या मधे कुठेतरी घुटमळतो, गिटारवाला तार खेचून तिथेच जातो, आणि तो नेमका कुठे थांबतो त्यावरून जाणकार लोक कलाकार ओळखतात. पियानोवर ती जागाच नाही, म्हणून पियानोवाले दोन पट्ट्या जवळजवळ एकदम दाबून काम भागवतात.

जॅझ वेगळं. जॅझला कॉर्ड जास्त, गुंता जास्त. ब्लूजमध्ये लपायला जागा नाही.

मिसिसिपीचं संगीत शिकागोला आलंच कसं?

रेल्वेनं. इलिनॉय सेंट्रल ही रेल्वे थेट दक्षिणेतून शिकागोला यायची. १९१६ च्या आसपासपासून १९७० पर्यंत साधारण ६० लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिणेतली राज्यं सोडून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेले, कापसाच्या शेतीतलं कर्ज, झुंडीनं होणाऱ्या हत्या, मतदानाचा हक्क नाही, शाळा नाहीत, आणि नंतर तर कापूस वेचायची मशीन आल्यावर होतं ते कामही गेलं. शिकागोत कत्तलखाने होते, पोलादाचे कारखाने होते, आठवड्याला रोख पगार होता. १९१० मध्ये शिकागोत कृष्णवर्णीय लोकसंख्या ४४ हजार होती, १९७० मध्ये ती ११ लाखांच्या पुढे गेली. एवढी माणसं, आणि राहायची परवानगी मात्र ठराविक पट्ट्यातच कारण बाकी वस्त्यांमधली घरं त्यांना विकायची नाहीत असे करारच होते, मग त्या पट्ट्यात दाटी झाली आणि दाटीत बार झाले.

ब्लूज गायक मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीहून आला. गावाकडे साधी लाकडी गिटार घेऊन बसायचा. इथे बारमध्ये शंभर माणसं बोलतायत, ग्लास आपटतायत, बाहेरून ट्रेन जातेय, कोणाला ऐकू येणार? मग इलेक्ट्रिक गिटार आली, ड्रम्स आले, आणि माउथ ऑर्गनवाले स्वस्तातला माईक ओंजळीत धरून त्यातच वाजवायला लागले, लिटल वॉल्टरनं तर त्या फाटक्या आवाजाचंच सोनं केलं. शिकागो ब्लूज म्हणतात ते हे. गोंगाटाला दिलेलं उत्तर आहे ते, म्हणून हॉलमध्ये शांत बसून ऐकलं की काहीतरी कमी वाटतं.

४३व्या स्ट्रीटचं एवढं काय कौतुक?

चेकरबोर्डच्या आधीपासून हा रस्ता गाजलेला होता. थोडंसं पुढे ५०३ नंबरला पेपर्स लाउंज होता, मडी वॉटर्स तिथे कित्येक वर्षं वाजवायचा, आणि त्याचं घरही त्याच बाजूला, ४३३९ साउथ लेक पार्क. त्या घराला २०२१ मध्ये शहरानं लँडमार्कचा दर्जा दिला. घरी तळघरात रिहर्सल आणि चालत जाऊन बारमध्ये काम, मोठा कलाकार आणि त्याचं ऐकणारा माणूस एकाच दुकानातून ब्रेड घेत होते. नंतर या रस्त्याला मडी वॉटर्स ड्राइव्ह असं मानाचं नाव दिलं.

थेरेसाज, थेरेसाज असं सगळे म्हणतात ते काय?

४८०१ साउथ इंडियाना अव्हेन्यूला एका इमारतीच्या तळघरात थेरेसा नीडम नावाच्या बाईंनी १९४९ ते १९८३ बार चालवला. माउथ ऑर्गनवाला ज्युनियर वेल्स आणि बडी गाय तिथलेच. बाईंना लोक शिकागो ब्लूजची गॉडमदर म्हणायचे. ८३ मध्ये जागेचं लीज गेलं आणि बार संपला. पायऱ्या उतरून खाली जायचं, छत डोक्याला लागेल की काय असं, आणि खाली जगातला एक नंबरचा माउथ ऑर्गनवाला आठवड्याचं नेहमीचं काम करतोय! मला विचाराल तर संगीताच्या दृष्टीनं थेरेसाज चेकरबोर्डच्या वरचढ असेल, पण चेकरबोर्डला एक अशी रात्र मिळाली की नाव त्याचंच राहिलं.

बडी गाय एवढा मोठा कलाकार, त्यानं बार कशाला काढला?

तेव्हा तो मोठा होता पण पैशानं नाही. लुइझियानातल्या लेट्सवर्थ गावचा, जन्म १९३६, शिकागोला उतरला २५ सप्टेंबर १९५७ ला. चेस रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीत दुसऱ्यांच्या गाण्यांवर गिटार वाजवायचा आणि दिवसा टो ट्रक चालवायचा, हो, बंद पडलेल्या गाड्या ओढायचा. १९७० मध्ये रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडच्या युरोप दौऱ्यात त्यानं आणि ज्युनियर वेल्सनं सुरुवातीचा कार्यक्रम केला, म्हणजे तिकडे हजारो लोकांसमोर आणि इकडे घरी परत आलं की वस्तीतले बार एकेक करून बंद. वाजवायला जागा हवी तर आपणच काढा, असा सरळ हिशोब होता. दारामागे, काउंटरमागे तो स्वतः असायचा. १९८० च्या दशकाच्या मधे तो यातून बाहेर पडला आणि १९८९ मध्ये डाउनटाउनजवळ बडी गायज लेजेंड्स काढला. खरं यश त्याला १९९१ च्या अल्बमनं दिलं, ग्रॅमी मिळालं तेव्हा वय पंचावन्न. या क्षेत्रात पेन्शनच्या वयाला करिअर सुरू होतं असं दिसतंय.

रोलिंग स्टोन्सवाली रात्र खरी की दंतकथा?

खरी, कॅमेऱ्यात आहे. २२ नोव्हेंबर १९८१, रविवार. स्टोन्सचे शिकागोजवळ रोझमाँटच्या स्टेडियममध्ये तीन दिवस शो होते, त्याच्या आदल्या रात्री ही मंडळी चेकरबोर्डमध्ये आली, मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स, रॉनी वूड, इयन स्टुअर्ट. स्टेजवर मडी वॉटर्स, साठी कधीच ओलांडलेली, स्टुलावर बसून गातोय. मधेच गाता गाता तो मिकला नावानं हाक मारतो. मिक लाल जॅकेटमध्ये वर येतो आणि त्यानंतर कीथ जे करतो ते बघण्यासारखं आहे, जागाच नाही म्हटल्यावर तो सरळ टेबलावर चढून, लोकांच्या ग्लासांमधून चालत स्टेजवर जातो. मग बडी गाय येतो, ज्युनियर वेल्स येतो, लेफ्टी डिझ येतो.

यातली गंमत कळायला एक गोष्ट लक्षात ठेवा, या बँडचं नावच मडी वॉटर्सच्या १९५० च्या रेकॉर्डवरून घेतलेलं आहे. इंग्लंडमधल्या पोरांनी ज्याची रेकॉर्ड झिजेपर्यंत ऐकली त्या माणसासमोर ते आता जगातला सगळ्यात मोठा बँड म्हणून उभे आहेत, आणि व्हिडिओत नीट बघा, जॅगर, जो स्टेडियममध्ये ऐंशी हजार लोकांना नाचवतो, तो इथे जरा बिचकलेलाच आहे. म्हातारा मात्र आरामात. हे माझं मत, पण तुम्ही बघून सांगा. दीड वर्षानं, ३० एप्रिल १९८३ ला मडी वॉटर्स गेला.

हे रेकॉर्डिंग अधिकृतपणे २०१२ मध्ये बाहेर आलं, डीव्हीडी आणि सीडी दोन्ही.

लेफ्टी डिझ कोण?

त्या व्हिडिओत बघून सगळे हेच विचारतात! खरं नाव वॉल्टर विल्यम्स, आर्कान्सामधल्या ऑसिओलाचा, डावखुरा. चेकरबोर्डमध्ये सोमवारची रात्र त्याची असायची. एका हातानं गिटार वाजवायची, जमिनीवर फरफटत न्यायची, पब्लिकमध्ये घुसून कोणाच्या तरी टेबलावर बसून सोलो घ्यायचा, सगळी सर्कस, आणि मधेच अचानक असा एक तुकडा वाजवायचा की सर्कस विसरायला व्हायची. १९९३ मध्ये गेला. जगभर नाव नाही, रेकॉर्ड थोड्याच, पण गल्लीतला बार चालतो तो अशा माणसावर, पाहुण्या सुपरस्टारवर नाही.

सोमवारच का, तर शुक्रवार-शनिवार कलाकार आपापल्या कामावर, सोमवारी मोकळे, त्यामुळे सगळे एकमेकांच्या स्टेजवर चढायला यायचे. ज्याची आज सुट्टी तो आज पाहुणा.

बार कलाकारांना पैसे कसे द्यायचा?

हाउस बँड ठेवायचा. म्हणजे ठराविक वारी ठराविक बँड, दाराशी जमलेले पैसे किंवा ठरलेली छोटी रक्कम, वर टिपचा डबा. बार रिकामा असेल तर बँडही रिकाम्या हाती. आणि शो रात्री साडेनऊ-दहाला सुरू होऊन पहाटे दोन-चारपर्यंत, तीन-चार सेट, म्हणजे मधे थांबत वाजवायच्या फेऱ्या. या लांबलचक रात्रींमुळेच ही माणसं इतकी पक्की झाली, आता नव्वद मिनिटांचा शो करून घरी जाणारा कलाकार तेवढा घासला जाणार कसा?

एवढं नाव होतं तर बंद का पडला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. लोकांना एकच खलनायक हवा असतो, पण तसा कोणी नाही.

पहिलं, गिऱ्हाईक गेलं. शिकागोचे कत्तलखाने, युनियन स्टॉक यार्ड्स, १९७१ मध्ये बंद झाले, म्हणजे चेकरबोर्ड उघडायच्या आदल्याच वर्षी. नंतर पोलादाचे कारखाने. शिफ्ट संपवून रोख पैसे खिशात घेऊन बारमध्ये येणारा माणूसच कमी झाला. दुसरं, ज्यांना जमलं ते वस्ती सोडून गेले. घरं न विकण्याचे ते करार कोर्टानं अंमलात आणायचे नाहीत असा निकाल १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिला होता, मग डॉक्टर, शिक्षक, पोस्टातले नोकरदार हळूहळू दुसरीकडे गेले, चांगलंच झालं त्यांचं, पण मागे राहिलेल्या वस्तीचा खर्च करायचा जोर कमी झाला. जवळच स्टेट स्ट्रीटला रॉबर्ट टेलर होम्स म्हणून २८ टॉवर होते, सोळा-सोळा मजली सरकारी घरं, १९६२ मध्ये पुरे झालेले, ते पाडायला लागले आणि २००७ पर्यंत शेवटचा गेला. हजारो कुटुंबं उठली.

तिसरं, तरुण पोरांना ब्लूज नकोच होतं. आजोबांचं संगीत, कापसाच्या शेतीची आठवण, त्यापेक्षा सोल, डिस्को, पुढे हाउस म्हणतात ते नाचायचं संगीत. ऐकणारा पांढरा पब्लिक वाढला होता पण तो उत्तरेकडे, लिंकन पार्कला राहायचा, त्यामुळे क्लबही तिकडे निघाले आणि कलाकारही तिकडे जायला लागले, कारण तिकडे पैसे दुप्पट आणि बाहेर गाडी सेफ.

आणि चौथं, बारवर शहराचाच राग होता. इलिनॉयमध्ये एखाद्या छोट्या मतदान विभागातले लोक मत देऊन आपल्या भागातली दारू बंद करू शकतात, आपल्याकडे बायका आडवी बाटली करतात ना अगदी तसंच. त्या रहिवाशांना दोष देता येत नाही, प्रत्येक बार काही चेकरबोर्ड नव्हता, काही नुसते भांडणाचे अड्डे होते. पण बार एकदा गेला की त्याच्याबरोबर स्टेजही जातं, आणि शहरात स्टेज वाचवणारा कायदा नव्हता.

शेवटी २००३ मध्ये इमारत धोकादायक म्हणून शहरानं चेकरबोर्डला कुलूप लावलं. स्टोन्स येऊन गेले म्हणून भिंती मजबूत होत नाहीत. एका रात्रीच्या प्रसिद्धीवर पोस्टर विकली जातात, रोजचं भाडं आणि दुरुस्ती मंगळवारी येणाऱ्या चाळीस गिऱ्हाइकांवरच चालते, आणि तीच उरली नव्हती.

हाइड पार्कमध्ये पुन्हा उघडला होता ना?

हो, २००५ मध्ये, थर्मननं शिकागो युनिव्हर्सिटीच्या मदतीनं हार्पर कोर्टला नवी जागा घेतली. ब्रॉन्झव्हिलमधले लोक भडकले, आमच्या वस्तीचा वारसा उचलून युनिव्हर्सिटीच्या दारात नेला म्हणून. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण थर्मनचंही चूक नव्हतं, जुन्या जागेत परवानगी नाही, नवी जागा कोणीतरी देतंय, मग काय करायचं? नवी जागा स्वच्छ, नीट, टॉयलेट चांगलं, आवाज चांगला, आणि तरी जुने लोक म्हणायचे मजा नाही. २०१५ च्या सुमारास तीही बंद झाली.

मग आज ४३व्या स्ट्रीटला जाऊन काय बघायचं? सेफ आहे का?

बार बघायला मिळणार नाही, हे आधीच सांगते. ग्रीन लाइनचं ४३वा स्ट्रीट स्टेशन आहे, तिथे उतरून दिवसा चक्कर मारा, लेक पार्कवरचं मडी वॉटर्सचं घर बाहेरून बघा. सेफचा प्रश्न आपले लोक ज्या सुरात विचारतात तो मला आवडत नाही, साउथ साइड म्हणजे एकच काहीतरी भयंकर जागा असं धरून चालतात, तिथे लाखो लोक रोज कामाला जातात, पोरांना शाळेत सोडतात. कुठल्याही मोठ्या शहरात ठेवतो तेवढं भान ठेवा, दिवसा जा, लोकांच्या घराचे दारात उभं राहून फोटो काढू नका, आणि कोणी हाय म्हटलं तर हाय म्हणा, तिकडे म्हणतात.

ज्यांना नीट आत जाऊन काहीतरी बघायचंय त्यांनी २१२० साउथ मिशिगन अव्हेन्यूला जा, चेस रेकॉर्ड्सची जुनी इमारत, तिथे आता चेसचा गीतकार विली डिक्सनच्या नावानं ब्लूज हेवन फाउंडेशन आहे. आधी वेळ बघून जा.

आज ऐकायचं तर कुठे?

लेजेंड्स, डाउनटाउनला लागून, साउथ वॉबॅशवर. मोठा, पर्यटक भरपूर, आवाज उत्तम, जेवण लुइझियाना पद्धतीचं. जानेवारीत बडी गाय स्वतः तिथे वाजवायचा आणि त्या तिकिटांसाठी मारामारी असायची. हल्लीचं वेळापत्रक बघूनच जा.

किंग्स्टन माइन्स, उत्तरेकडे हॉलस्टेड स्ट्रीटला. १९६८ पासूनचा, दोन स्टेज शेजारी शेजारी, एकावर बँड थांबला की लोक उठून दुसरीकडे. पहाटेपर्यंत चालतो. कॉलेजची पोरं आणि बॅचलर पार्ट्या खूप, त्याची तयारी ठेवा.

रोझाज लाउंज, आर्मिटेज अव्हेन्यूला, आणि माझं मत याला. मिलानहून आलेला टोनी मांजुल्लो नावाचा ड्रमर शिकागो ब्लूजच्या वेडानं इथे आला, मागून त्याची आई रोझा आली, आणि १९८४ मध्ये दोघांनी हा बार काढला, आईच्याच नावानं. थेरेसाज बंद झाल्याच्या पुढच्याच वर्षी. छोटी जागा, साध्या वस्तीत, येणारे बरेच जण खरंच ऐकायला आलेले. इटालियन माणसानं चालवलेला बार हा चेकरबोर्डच्या सगळ्यात जवळचा वाटावा ही शिकागोची तऱ्हा.

दारू पीत नाही, चालेल?

अगदी. कोक घ्या, जिंजर एल घ्या, कोणी बघत नाही. फक्त काहीतरी घ्या, टेबल अडवून पाणी पीत दोन तास बसू नका, बारचं गणित वर लिहिलंय. सिगरेटच्या धुराची काळजीही नको, २००८ पासून इलिनॉयमध्ये बारच्या आत स्मोकिंग बंद आहे.

आयडी लागतं का? मुलांना न्यायचं का?

रात्रीच्या शोला २१ पूर्ण हवेत आणि आयडी बघतात, केस पिकलेले असले तरी बघतात, काकांना राग आला तरी बघतात. भारतातून आलेल्यांनी ओरिजिनल पासपोर्ट बरोबर ठेवा, फोनमधला फोटो चालत नाही. मुलांसाठी काही ठिकाणी संध्याकाळी लवकर परवानगी असते, ती फोन करून विचारा.

खर्च आणि टिप?

दाराशी कव्हर चार्ज, म्हणजे आत जायचे पैसे, शनिवारी जास्त, आडवाराला कमी. थोडी रोख ठेवाच. ड्रिंकमागे डॉलर-दोन डॉलर टिप, जेवलात तर बिलाच्या १८ ते २० टक्के, आणि बँडचा बादलीसारखा डबा फिरतो त्यात वेगळे टाका. आपले लोक इथे मान वळवतात असं पाहिलंय, कव्हर दिला ना मग परत कशाला. कव्हर बहुतेक बँडपर्यंत पूर्ण पोचतही नाही हो.

फर्माईश करता येते?

येते, पण शिकागोच्या नावाचं ते एक गाणं, स्वीट होम शिकागो, सोडून. रॉबर्ट जॉन्सननं १९३६ मध्ये टेक्सासमध्ये रेकॉर्ड केलेलं, आणि इथल्या प्रत्येक बँडला ते रोज रात्री कोणीतरी मागतंच. वाजवतात, हसून वाजवतात. पण तुम्ही मडी वॉटर्सचं किंवा लिटल वॉल्टरचं काही मागितलं तर गिटारवाला मान वर करून बघेल कोण बोललं ते.

आणि गाणं चालू असताना ओरडलं तर चालतं, "दाद" म्हणून नुसतं मान डोलवत बसायची गरज नाही. गाणारा प्रश्न टाकतो, तुम्ही उत्तर द्यायचं असतं. फक्त पहिल्या टेबलावर बसून जोरजोरात गप्पा मारू नका.

मुंबई-गोव्याशी काही संबंध?

आहे, आणि बराच जुना. टेडी वेदरफर्ड नावाचा पियानिस्ट १९२० च्या दशकात शिकागोत गाजला आणि पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात बँड घेऊन बसला, १९४५ मध्ये कलकत्त्यात वारला. तो जॅझवाला, पण त्या काळात मुंबईत जे गोवेकर वादक तयार झाले, आल्दोनाचा चिक चॉकलेट वगैरे, ते या हवेत वाढले आणि तिथून आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत शिरले. ब्लूजचं म्हणाल तर २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी बडी गाय आला. ४३व्या स्ट्रीटवर काउंटरमागे उभा राहणारा माणूस वांद्र्यात, तेही पोलका डॉटचा शर्ट घालून! त्याला तिथे ऐकलेले बरेच जण इथे आले की लेजेंड्सला जायचंच म्हणतात.

आई-बाबा उन्हाळ्यात येतायत, रात्री बाराला बारमध्ये कसं नेणार?

नेऊ नका. जूनमध्ये शिकागो ब्लूज फेस्टिव्हल असतो, १९८४ पासून चालू, फुकट, आणि २०१७ पासून मिलेनियम पार्कात. हिरवळीवर चटई टाका, घरून दशम्या-चटणी न्या, उजेडात ऐका, कंटाळा आला तर बीन शंभर पावलांवर. ऊन असतं, टोपी न्या. बाबा पहिल्या अर्ध्या तासात "हे सगळं सारखंच वाटतंय" म्हणतात, आणि संध्याकाळी कोणीतरी माउथ ऑर्गनवाला आला की पाय हलायला लागतो.

एकच रात्र आहे, काय करू?

आठवड्याच्या मधली रात्र असेल आणि लवकर उठायचं नसेल तर रोझाज. डाउनटाउनच्या हॉटेलात उतरला असाल आणि जेवणही तिथेच हवं असेल तर लेजेंड्स. शनिवारी रात्री एक वाजता झोप येत नसेल तर किंग्स्टन माइन्स. नऊच्या आधी जाऊन जागा पकडा, पहिला सेट जरा थंड असतो म्हणून उठून जाऊ नका, दुसऱ्या सेटला बँड गरम होतो आणि पाहुणे कलाकारही तेव्हाच येतात. गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही आणि मिळालं तरी नंतर कोणीतरी न पिणारा लागतो. आणि निघायच्या आधी त्या दिवशी कोण वाजवतंय ते बारच्या कॅलेंडरवर बघून घ्या.